हिरव्या पट्ट्यातला काटा

काटेकाकांचं आडनाव काटे नव्हतं. प्रेशर मोजणारी गेज बनवणाऱ्या एका कारखान्यात, तपासणीच्या खोलीत त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. दिवसभर एक डोळा बारीक करून काचेआडच्या काट्याकडे बघायची जी सवय लागली, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. त्यात स्वभाव काटेकोर. सोसायटीत कुणीतरी हे नाव त्यांना चिकटवलं आणि ते इतकं चपखल बसलं, की 'काटे' या नावाने आलेलं पत्र घेऊन नवीन पोस्टमन दारावरच्या पाटीवरचं खरं नाव वाचून दोनदा परत गेला होता.

न मोजता बोलणाऱ्या माणसाचा काकांना मनापासून तिटकारा होता. म्हणून त्या उन्हाळ्यात गाडीचा एसी गरम हवा टाकायला लागला, तेव्हा त्यांना एसीपेक्षा नाक्यावरच्या गॅरेजवाल्याचाच जास्त राग आला. त्या माणसाने एका हाताने फोन कानाला धरला, दुसरा हात एसीच्या जाळीपुढे धरला आणि फोनमधलं बोलणं न तोडता सांगितलं, "गॅस संपलाय. भरावा लागेल."

"किती संपलाय?" काकांनी विचारलं.

"संपलाय म्हणजे संपलाय."

"म्हणजे आत किती उरलाय?"

गॅरेजवाल्याने फोन खाली घेतला आणि काकांकडे नीट बघितलं. "काका, गाडी ठेवून जा. संध्याकाळी न्या."

काकांनी किल्ली परत घेतली आणि ते घामाघूम होऊन घरी आले.

"अहो, हात लावून सांगितलं ना त्याने, मग झालं," काकू म्हणाल्या. "डॉक्टरसुद्धा आधी कपाळाला हातच लावतात."

"आणि नंतर थर्मामीटर लावतात," काका म्हणाले, आणि त्यांनी तो विषय स्वतःपुरता निकालात काढला.

दुसऱ्या दिवशी ते गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात गेले. तिथे एसीचा गॅस डब्यातून मिळतो हे त्यांना ठाऊक होतं. डब्याला एक छोटा पाइप होता आणि पाइपाला एक गोल गेज. त्या गेजवर एकही आकडा नव्हता. निळा, हिरवा, पिवळा, लाल असे चार पट्टे, आणि हिरव्यावर लिहिलेलं, 'ठीक'. काकांना हा जवळजवळ वैयक्तिक अपमान वाटला. बिनआकड्यांचं गेज म्हणजे त्यांच्या दृष्टीने बिनदातांची करवत. तरी त्यांनी ते घेतलं. घरी आल्यावर त्यांनी ते डब्यापासून सोडवलं, निवृत्तीच्या दिवशी भेट मिळालेल्या स्वतःच्या गेजशेजारी एकाच नळीला जोडलं आणि काकूंना सायकलचा पंप मारायला सांगितलं. काकूंनी पंप मारला. दोन्ही काटे एकदमच सरकले. काकांनी तीनतीनदा खात्री करून घेतली आणि मग बारीक निबाच्या पेनने रंगीत पट्ट्यांवर आकडे घातले.

"खोटं नाही बोलत हे," ते म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून कौतुकाची याहून मोठी भाषा काकूंनी लग्नानंतर ऐकली नव्हती.

गॅस भरायचा कार्यक्रम पार्किंगमध्ये सकाळी झाला. काकांनी जाड हातमोजे घातले, डोळ्यांना चष्मा लावला. काकू गाडीत चालकाच्या जागी बसल्या. त्यांच्या हातात वही, आणि समोरच्या जाळीत खोचलेला थर्मामीटर.

"इंजिन चालू. एसी पूर्ण. काचा उघड्या. वाच," काका बॉनेटआडून म्हणाले.

"सव्वीस."

"आता?"

"बावीस."

"आता?"

"सतरा. अहो, किती वेळ चालणार आहे हे?"

आठावर आकडा थांबला, तेव्हा काटा हिरव्या पट्ट्याच्या बरोबर मध्ये होता आणि काकू साडीचा पदर गळ्याभोवती घेऊन बसल्या होत्या. काकांनी बॉनेट लावलं. नाक्यावरच्या गॅरेजवाल्याला ही वही नेऊन दाखवावी असं त्यांच्या मनात आलं, पण तेवढा मोठेपणा त्यांनी दाखवला, ते गेले नाहीत.

त्यांना कुठे जायची गरजही पडली नाही. पार्किंगमध्ये बॉनेट उघडून उभ्या असलेल्या माणसाच्या बातमीला सोसायटीत वर चढायला लिफ्ट लागत नाही. आठवड्याभरात तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टर आल्या. त्यांची गाडी दिवसभर दवाखान्यासमोर उन्हात उभी असायची. "काका, माझ्याही गाडीचं जरा बघता?" काकांनी बघितलं. मग दुसऱ्या मजल्यावरचे शिकवणीवाले सर आले. सर गणित शिकवत आणि गाडीतल्या कुठल्याही गोष्टीला 'यंत्रणा' म्हणत. त्यांचीही यंत्रणा काकांनी गार करून दिली. प्रत्येक गाडीचं वहीत वेगळं पान होतं. आधीचं तापमान, नंतरचं तापमान, तारीख आणि खाली काकांची सही. निवृत्तीनंतर दोन वर्षं ज्या माणसाला दुपारी काय करावं कळत नव्हतं, तो आता जेवताना घड्याळ बघायला लागला.

दीड महिन्याने त्यांच्याच गाडीची हवा परत कोमट झाली.

"थोडीफार गळती सगळीकडे असते," ते काकूंना म्हणाले.

दुकानात आता नवा माल आला होता. डब्यात गॅस, आणि गॅसबरोबर गळती बुजवणारं रसायन. दुकानदार म्हणाला, हे आत फिरतं, भोक सापडलं की तिथे घट्ट होऊन बसतं, परत बघायला नको. काकांनी घरी येऊन भिंग लावून डब्यावरची सगळी अक्षरं वाचली. एकदम शेवटी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की पुढे कधी गाडी मेकॅनिककडे नेलीत तर त्याला याची कल्पना द्या. ही सूचना मेकॅनिककडे जाणाऱ्या लोकांसाठी आहे, हे काकांच्या लक्षात आलं आणि त्यांनी भिंग खाली ठेवलं.

आधी त्यांनी ते स्वतःच्या गाडीत घातलं. हवा गार झाली. मग स्वतःहून जाऊन डॉक्टरांच्या आणि सरांच्या गाडीतही घातलं. "गॅसबरोबर औषध पण दिलंय," ते सरांना म्हणाले. "आता वर्षभर चिंता नको."

आणि खरंच, त्यानंतर दोघांपैकी कुणीही तक्रार घेऊन आलं नाही. जिन्यात भेटले की हसायचे, तब्येतीची चौकशी करायचे, आणि घाईत असल्यासारखे निघून जायचे. काकांनी दोन्ही पानांवर खाली लिहिलं, 'तक्रार नाही.'

त्यांची स्वतःची गाडी मात्र रुसली होती. एसी लावला की बॉनेटखाली खट् व्हायचं, दोन मिनिटं बरी हवा यायची, मग परत खट्, आणि लोहाराच्या भात्यासारखी गरम फुंकर. काका थोडा गॅस घालायचे, काटा हिरव्यातून पिवळ्यात जायचा, हवा आणखी गरम व्हायची. काकूंच्या डोळ्यांचे उपचार चालू होते. आठवड्यातून एकदा भर दुपारी त्यांना इस्पितळात जावं लागे. दोन वेळा त्या काकांच्या गाडीतून गेल्या आणि ओला रुमाल डोळ्यांवर धरून आल्या. तिसऱ्या वेळी त्या काकांशिवायच जाऊन आल्या.

"तळमजल्यावरच्या डॉक्टरांच्या गाडीतून आले," त्या म्हणाल्या. "त्यांचं तिकडेच काम होतं. छान गार होती गाडी."

"असणारच," काका म्हणाले. "मीच तर भरलाय."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्या औषधाचे थेंब घालायला आत गेल्या.

डॉक्टरांची गाडी गार आणि आपली गरम, हे काकांना रात्रभर टोचत राहिलं. हात तोच, गेज तेच, डबा तोच. सकाळी उठून त्यांनी जन्मात न केलेली गोष्ट करायचं ठरवलं. नाक्यावरच्या गॅरेजात जायचा प्रश्नच नव्हता. शहराच्या दुसऱ्या टोकाला, फक्त गाड्यांच्या एसीचंच काम करणारं एक दुकान होतं. तिथे ओळखीचं कुणी भेटणार नव्हतं.

"कुठे निघालात?" काकूंनी विचारलं.

"चाकांत हवा भरून आणतो."

"बरं," काकू म्हणाल्या. "सावकाश या."

दुकान एका बाई चालवत होत्या. पंचेचाळिशीच्या, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. आत दोन गाड्या मावतील एवढी जागा, भिंतीवर ओळीने टांगलेले पाइप, आणि मध्ये चाकांवरचं एक नवंकोरं मशीन, ज्याच्या पडद्यावरचं प्लॅस्टिकही अजून काढलेलं नव्हतं. कोपऱ्यात तसंच एक मशीन जुन्या चादरीखाली उभं होतं.

बाईंनी बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि दोन्ही नळ्यांवर आळीपाळीने बोटं ठेवली. त्या लगेच काही बोलल्या नाहीत, हे काकांना आवडलं.

"कुठून आलात एवढ्या लांब?" त्यांनी विचारलं.

काकांनी सोसायटीचं नाव सांगितलं, आणि बाई हसायला लागल्या.

"तुमच्या सोसायटीत पाणी कुठून येतं हो? सगळेच घरी गॅस भरतात तिथे. मागच्या आठवड्यात एक दातांच्या डॉक्टर आल्या होत्या. गॅस गरजेच्या दुप्पट. मी म्हटलं, कुणी भरला? तर म्हणाल्या, मीच. म्हटलं, कमाल आहे, दात काढून उरलेल्या वेळात हे पण करता? तर लाजल्या नुसत्या."

काकांनी भिंतीजवळची प्लॅस्टिकची खुर्ची ओढली.

"त्यांच्याआधी एक सर आले होते," बाई पाइप उतरवता उतरवता म्हणाल्या. "शिकवणी घेतात म्हणे. तेही म्हणाले, मीच भरला. बॉनेट उघडा म्हटलं, तर बिचाऱ्यांना खटका कुठे असतो तेच माहीत नाही. पाच मिनिटं शोधत होते. शेवटी डिकी उघडली."

काका खुर्चीत बसले. खुर्चीचा एक पाय आखूड होता, पण ते त्यांना नंतर आठवलं. त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढे वहीतली दोन पानं उभी होती, आणि दोन्ही पानांच्या तळाशी त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं ते वाक्य.

"आता हसते, पण तेव्हा रडायची पाळी आली होती," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी हनुवटीने कोपऱ्यातली चादर दाखवली. "त्या सरांच्या गाडीत गळती बुजवायचं रसायन होतं. मी त्यांना विचारलं होतं, गॅसशिवाय काही घातलंय का? म्हणाले, नाही, नुसता गॅस. मी मशीन लावलं, गाडीतला गॅस आत ओढला. ते रसायन मशीनमध्ये जाऊन घट्ट झालं. आतल्या सगळ्या झडपा चिकटल्या. नऊ वर्षं चाललेलं मशीन, एका दुपारी गेलं."

"मग आता?" काकांनी विचारलं.

"आता हे नवीन आणलंय. आणि आता मी कुणावर विश्वास ठेवत नाही. सही घेते." त्यांनी टेबलावरच्या पुठ्ठ्याला अडकवलेला कागद आणि पेन काकांच्या हातात दिलं. "वाचा आणि खाली सही करा. तोवर मी मशीन लावते."

कागदावर एकच वाक्य होतं. माझ्या गाडीच्या एसीत गळती बुजवणारं कोणतंही द्रव्य मी घातलेलं नाही व इतर कोणी घातल्याचं मला माहीत नाही.

काकांनी एकतीस वर्षांत किती सह्या केल्या असतील याची मोजदाद नव्हती. त्या खोलीतून निघालेलं प्रत्येक गेज त्यांच्या सहीने बाहेर पडायचं आणि कुठल्यातरी बॉयलरवर, कुठल्यातरी टाकीवर जाऊन बसायचं. एकदा मालाची फार निकड होती, तेव्हा साहेब स्वतः येऊन म्हणाले होते की शेवटची पेटी बघितली असं समजा आणि सही करा. काकांनी पेटी उघडली होती, चाळीसच्या चाळीस गेज तपासली होती, आणि ट्रक दोन तास दारात उभा ठेवला होता. त्यातलं एकही गेज चुकीचं निघालं नाही. साहेबांनी नंतर तीन महिने त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. सहीचं पहिलं अक्षर काढलं. मग त्यांच्या डोक्यात एकामागून एक बऱ्याच सोयीच्या गोष्टी आल्या. गाडी आज राहू दे म्हणून परत नेता येईल. आपल्याला वाचायचा चष्मा नव्हता असं म्हणता येईल. शिवाय रसायन दीड महिन्यापूर्वी घातलं होतं, एव्हाना ते संपलंही असेल. हा शेवटचा विचार त्यांना बराच शास्त्रीय वाटला.

बाईंनी मशीनचा निळा पाइप गाडीच्या नळीजवळ नेला.

"थांबा," काका म्हणाले.

बाई थांबल्या.

"या गाडीत कुणीतरी घातलंय ते."

"कुणी?"

काकांनी हातातल्या पेनाकडे बघितलं. "मी. डॉक्टरांच्या गाडीतही मीच घातलं होतं. सरांच्याही. गॅस पण मीच भरायचो. त्या दोघांना यातलं काही कळत नाही."

बाईंनी पाइप परत मशीनवर अडकवला. चष्मा काढून तो दोरीवर लोंबकळत ठेवला.

"म्हणजे ते तुम्हाला झाकत होते," त्या म्हणाल्या.

"तसंच दिसतंय."

"आणि मशीन माझं गेलं."

"हो. त्याच्या दुरुस्तीचं मी बघतो."

"आधी कंपनीचा माणूस उघडून काय सांगतो ते ऐकू." त्या टेबलाच्या कडेला टेकल्या. "डॉक्टरांचं बरं, त्या आल्या तेव्हा मी मशीनच्या तोंडाशी ते रसायन तपासायची कांडी लावली होती, म्हणून कळलं. एक कांडी एकदाच चालते. नव्या यायच्यात अजून, तोवर ही सही." मग त्यांनी विचारलं, "भरायचात कशावर?"

काकांनी डिकीतून गेज आणून दिलं. बाईंनी ते उजेडात धरून बघितलं. पट्ट्यांवरचे सुईच्या टोकाएवढे आकडे वाचायला त्यांनी चष्मा परत लावला.

"हे आकडे तुम्ही घातलेत?"

"माझ्या गेजशी ताडून. एका रेघेचाही फरक नाही."

"बरोबरच असणार," बाई म्हणाल्या. "पण काका, गॅस काट्यावर नाही भरत. वजनावर भरतात. प्रत्येक गाडीच्या बॉनेटखाली चिकटवलेलं असतं, किती ग्रॅम ते. हे बघा."

त्यांनी पुसून दाखवलेल्या जागी खरंच एक चिठ्ठी होती, आणि तिच्यावर ग्रॅम होते. काकांनी त्या बॉनेटखाली गेल्या तीन महिन्यांत चारपाच वेळा डोकं घातलं होतं.

"काटा बाहेरच्या उन्हाप्रमाणे हलतो, पंखा बिघडला तरी हलतो," बाई म्हणाल्या. "आत किती माल आहे ते तो सांगत नाही. मी सगळा गॅस बाहेर काढते, वजन करते, आणि लिहिलंय तेवढा परत घालते. त्यासाठी तर हे मशीन."

किती संपलाय, आत किती उरलाय, असं नाक्यावरच्या माणसाला आपण विचारत होतो, आणि स्वतः मात्र ते एकदाही मोजलं नाही, हे काकांच्या ध्यानात आलं. त्यांनी भिंतीकडे बघितलं. तिथे बाईंची स्वतःची दोन गेज टांगलेली होती, नळ्या मोकळ्या.

"तुमचा डावीकडचा काटा शून्यावर येत नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे. दोनने पुढे आहे. मी वजा करते."

काकांना आतून कळ आल्यासारखं झालं. "वजा करता?"

"चार वर्षं झाली. सवय आहे."

"बारीक स्क्रू ड्रायव्हर आहे?"

बाईंनी दिला. त्यांच्या मनात बहुधा असंच होतं की म्हाताऱ्याच्या हाताला काहीतरी काम असलं म्हणजे तो रडणार नाही. काकांनी काच काढली, स्क्रू केसभर फिरवला, थांबले, परत केसभर फिरवला. काटा शून्यावर आला. त्यांनी बोटाने टिचकी मारून बघितली आणि गेज जागेवर टांगलं.

"आता मला वजा करायचं नाही हे लक्षात ठेवावं लागणार," बाई म्हणाल्या.

गाडी चार दिवस दुकानात राहिली. नव्या मशीनला न जोडता, वेगळ्या रिकाम्या टाकीत तो गॅस हळूहळू उतरवावा लागला, आतले दोन भाग बदलावे लागले, नळ्या धुवाव्या लागल्या. मूळ गळती सापडली ती एका सांध्यात. तिथलं रबरी वायसर कडक होऊन चिरलं होतं. बाईंनी ते काकांच्या तळहातावर ठेवलं. शर्टाच्या बटणाएवढं.

"एवढंच होतं?" काकांनी विचारलं.

"तेव्हा एवढंच होतं," बाई म्हणाल्या.

पहिल्या दिवशी काका बसने घरी आले. काकू खिडकीशी बसल्या होत्या.

"भरली हवा?"

"गाडी तिकडेच आहे," काका म्हणाले, आणि बूट न काढता त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टरांचं, सरांचं, चादरीखालच्या मशीनचं. काकूंनी मध्ये एकदाही प्रश्न विचारला नाही. त्यावरून काकांना शंका यायला हवी होती, पण ती यायला त्यांना गोष्ट संपेपर्यंत वेळ लागला.

"तुला माहीत होतं," ते म्हणाले.

"डॉक्टर मला विचारूनच गेल्या होत्या दुकानात. म्हणाल्या, काकांना वाईट वाटेल का? मी म्हटलं, सांगूच नका. या वयात त्यांना दुसरा छंद लागेल याची खात्री नाही."

"आणि सर?"

"सरांना मी एवढंच म्हटलं, यांचं नाव घेऊ नका. बाकीचं खोटं त्यांनी त्यांच्या मनाने घातलं."

"त्या बाईचं मशीन गेलं, अगं."

ते मात्र काकूंना माहीत नव्हतं. त्यांनी उठून चहा टाकला, आणि नेहमी काकांच्या चहात अर्धा चमचा साखर घालणाऱ्या काकूंनी त्या दिवशी दोन चमचे घातली. काकांनी तो तसाच प्यायला.

दुसऱ्या दिवशी ते आधी डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर दवाखान्यात हात धूत होत्या. काकांनी पाठ केल्यासारखं बोलून टाकलं, की माझ्यामुळे तुमच्या गाडीचं नुकसान झालं आणि तुम्ही ते मला सांगायला हवं होतंत. डॉक्टर इतक्या ओशाळल्या, की चूक त्यांचीच होती असं कुणालाही वाटलं असतं. "काका, अहो त्यात काय," त्या तीन वेळा म्हणाल्या, आणि मग आल्याच आहात तर म्हणून त्यांनी काकांना खुर्चीत बसवून त्यांचे दात तपासले. दोन दात किडलेले निघाले.

सरांकडे प्रकरण अवघड होतं. सर म्हणाले, मी खोटं बोललोच नाही. "मला विचारलं, गॅसशिवाय काही घातलंय का. तुम्ही म्हणाला होतात, औषध. औषधाबद्दल त्यांनी विचारलंच नाही." काकांनी ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "चला, हे त्यांना समजावून सांगा." सर गेले. बसमध्ये दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. दुकानात गेल्यावर सरांनी यंत्रणा, गैरसमज आणि हेतू यांबद्दल बरंच सांगितलं. बाईंनी ते सगळं हातातलं काम न थांबवता ऐकलं आणि शेवटी विचारलं, "म्हणजे चुकलं ना?" सर म्हणाले, "चुकलं." येताना बसमध्ये त्यांनी काकांसाठी जागा धरली.

कंपनीच्या माणसाने चादरीखालचं मशीन उघडलं. अर्ध्या झडपा बदलून ते पुन्हा चालेल असं तो म्हणाला. त्या दुरुस्तीचा खर्च काकांनी आणि सरांनी मिळून केला, म्हणजे बाईंनी दोघांनाही नाही म्हणायची संधी दिली नाही. काका आता शनिवारी दुपारी दुकानात जायला लागले. बाईंची सगळी गेज ताडून द्यायचे, वजनकाट्याचं शून्य बघायचे, आखूड पायाच्या खुर्चीखाली पुठ्ठ्याची घडी घालायचे. गाडीत डोकं घालायचं नाही, असं बाईंनी पहिल्याच शनिवारी सांगून ठेवलं होतं.

सोसायटीत मात्र काकांची कीर्ती ओसरायला तयार नव्हती. तिसऱ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेलं एक जोडपं डबा विकत घेऊनच त्यांच्या दारात आलं.

"काका, तुम्ही फार छान भरता म्हणे."

"दुकानात न्या," काका म्हणाले, आणि त्यांनी पत्ता लिहून दिला.

नवऱ्याचा चेहरा पडला. बायको म्हणाली, "डॉक्टरांच्या गाडीचं केलंत ना पण तुम्ही?"

"केलं होतं. चुकलं ते. दुकानात न्या."

जोडपं खाली मान घालून गेलं. त्यानंतर चारजण आले आणि चौघांनाही काकांनी तोच पत्ता दिला. महिन्याभरात काकू भाजी घेऊन आल्या त्या हसू दाबत.

"काय झालं?"

"तिसऱ्या मजल्यावरचे सांगत फिरतायत. तुम्हाला त्या दुकानातून कमिशन मिळतं. शनिवारी घ्यायला जाता म्हणे. तुम्हाला तिथे खुर्चीवर बसलेलं त्यांनी डोळ्यांनी बघितलंय."

काकांचे कान लाल झाले. त्यांनी वही काढली. त्यात सगळं तारखेनिशी होतं, चुकलेल्या गाड्या, बिघडलेलं मशीन, सगळं. वही काखेत मारून ते तडक तिसऱ्या मजल्यावर गेले. जोडप्याने दार उघडलं, त्यांना आत घेतलं, पंख्याखाली बसवलं, सरबत आणून दिलं. काकांनी घसा साफ केला आणि वही उघडली.

"काका, बरं झालं आलात," नवरा म्हणाला. "त्या दुकानात चार दिवसांनी नंबर मिळतोय. तुमचं तिथे वजन आहे. जरा सांगाल का, उद्याच घ्यायला?"

बायकोने सरबताचा पेला त्यांच्या जवळ सरकवला. त्यांच्या लहानग्याला गाडीत घाम येऊन अंगावर पुरळ उठलं होतं. तो आतल्या खोलीत कुरकुरत होता.

काकांनी वहीकडे बघितलं. मग ती मिटली.

"विचारून बघतो," ते म्हणाले.